आकारामनं भारी डबा परत केला

आकाराम वडूजकडचा. फौजेत होता. शेवटच्या वर्षांत त्याची पलटण शिलाँगला होती. तिथल्या पोरांकडून तो रॉक शिकला आणि येताना ट्रंकेबरोबर इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. पेन्शनीत निघाल्यावर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर वॉचमन म्हणून लागला. मी तिथेच हमाल होतो. पोती उचलणारे त्याला विचारायचे, "हवालदार, ह्या पेटीत हवा कुठनं भरायची?" तो हसायचा आणि चुकलेली जागा पुन्हा पहिल्यापासून वाजवायचा. बोटं सोलली तरी पुढे सरकायचा नाही. माझं त्याच्याशी जमलं ते त्यामुळं.

पंचाण्णव सालची गोष्ट. गावभागातली ज्ञानदा कॉलेजात शिकत होती. ती गायची, तिचा भाऊ ड्रम वाजवायचा. यार्डाच्या गणपतीत त्यांनी आकारामला ऐकलं आणि तिघांचं जुळलं. चाल आकारामची, शब्द ज्ञानदाचे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्यांना गाणी करायला मिळणार होती. तिथं जमलं तर साताऱ्याचं एक मंडळ बोलावणार होतं.

आकारामला मात्र वेगळीच काळजी. त्याची बायको अंजना पहिल्यांदा ऐकायला येणार होती. तिला गिटार म्हणजे पिठाची गिरणी वाटायची. तिनं बजावलं होतं, की एकदा ऐकीन. काही कळलं नाही तर ही पेटी माळ्यावर. साताराबितारा काही नाही. ती बसणार शेवटच्या रांगेत, दाराशी. पुढे बसायला लाजायची.

तोपर्यंत गिटार यार्डाच्या गणपती मंडळाच्या भोंग्यावर चालायची. आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. गिटारीचा खरा ॲम्प्लिफायर हवा होता. मिरजेच्या दुकानदारानं दोन डबे वापरून बघायला दिले. दोन्हींत स्पीकर आतच. एक कपाटाएवढा, दोघांनी उचलायचा. दुसरा एका हातात येणारा.

आकारामच्या गावात भोंग्याची पारख एकच : किती लांब ऐकू येतो. तशीच त्यानं केली. मला तारा छेडायला बसवलं आणि स्वतः यार्डाच्या फाटकाकडे चालत गेला. धाकट्या डब्याचा आवाज वजनकाट्याजवळच विरला. थोरल्याचा फाटकाबाहेर रस्त्यावर गेला. आकाराम परत आला तो हसतच.

"लय भारी हाय गड्या."

"भारी हाय व्हय. तूच उचल," मी म्हणालो. धंद्यात आम्हाला भारीचा एकच अर्थ ठाऊक.

बाजार बंद होता त्या दिवशी रिकाम्या गोदामात तालीम ठेवली. आकारामनं थोरला डबा पूर्ण आवाजात सोडला. पत्रे थरथरले. ड्रमवाला जोर लावून घामाघूम झाला. ज्ञानदा गाता गाता थांबली.

"काका, मी गातेय की नाही, मलाच कळत नाही."

त्यानं आवाज कमी केला. मग त्या डब्यातला जीवच गेला. मिळमिळीत वाजायला लागला. तो डबा पूर्ण आवाजात सोडला तरच बोलायचा. पुन्हा वाढवला, पुन्हा ती थांबली. असं दुपारभर चाललं. शेवटी तिनं धाकटा डबा खुर्चीवर ठेवला, वायर त्यात लावली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. आवाज खरखरीत, फाटका. मला वाटलं, स्पीकर गेला. आकाराम मात्र तारेवर बोट दाबून तसाच उभा राहिला.

"शिलाँगला असाच यायचा," तो म्हणाला.

ड्रम ऐकू येत होता. ज्ञानदाही ऐकू येत होती. पण आकारामच्या तोंडावर पुन्हा काळजी आली. "ह्यो मागं दारापतूर कसा जायचा?"

"माझा आवाज कसा जातो?" ज्ञानदानं विचारलं. "मी काय ओरडून गाते का? माइक आहे ना. त्या डब्यापुढंही एक लावू."

आकारामनं गिटार खाली ठेवली. मग थोरल्या डब्याला हात घातला. मी दुसरी बाजू धरली. आम्हा हमालांसारखं कंबर न वाकवता मांड्यांवर उचलायला आकाराम शिकला होता तोवर. तसाच उचलून तो डबा मिरजेला पोचता केला.

संमेलनात मी अंजनाच्या शेजारी, दाराशी बसलो. खुर्चीवर धाकटा डबा, त्याच्यापुढे माइक. पोरं आधी हुर्यो करत होती. दुसऱ्या गाण्याला टाळ्यांचा ठेका धरला. अंजना पदर तोंडाशी धरून बघत होती.

संपल्यावर आकाराम डबा हातात घेऊन थेट दाराशी आला.

"आलं का ऐकू?"

"आलं की. ती पोरगी काय म्हणती त्ये बी कळलं," ती म्हणाली. "तुमचं तेवढं फाटल्यागत वाटलं."

"तसंच असतंय त्ये."

"आसंल." ती उठली, चपला शोधल्या. "साताऱ्याला कवा हाय म्हनाला?"

मी डबा घ्यायला हात पुढे केला. आकारामनं तो दिला नाही.