कार्डावर सात वेळा एकच नाव

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या मावशींवर. भीमजयंतीनंतरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, विहारामागच्या खोलीतल्या वाचनालयात. दुसऱ्यांदा झाला त्याच आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, पाण्याच्या टाकीपाशी. पहिला समितीने केला. दुसरा मी केला. मी चळवळीची पत्रकं लिहिते; पत्रकात आम्ही दोषी कोण ते आधी सांगतो, म्हणून सांगून टाकलं.

आमची गल्ली पुण्याजवळ मोशीत. चारी बाजूंनी उंच सोसायट्या आल्या, आमची घरं बैठी ती बैठीच. वाचनालय तीन निवृत्त कामगार चालवतात, त्यातले एक माझे पप्पा. पप्पांची सगळी नोकरी क्वालिटीत गेली, आधी भोसरी, मग चाकण. कंपनी सुटली, सवय सुटली नाही. वाचनालयात तीन पेट्या आहेत. परत आलेलं पुस्तक पप्पा चष्मा लावून पान न् पान तपासतात. ठीक असेल तर हिरव्या पेटीत. शिवण उसवली असेल तर पिवळ्या पेटीत, दुरुस्तीला. आणि लाल पेटी म्हणजे रिजेक्ट. तिला कुलूप असतं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला सुतळीने टॅग बांधतात: दोष काय, तपासलं कुणी, तारीख. लोक हसतात. मीही हसायचे.

जयंतीला आमच्याकडे हार आणत नाहीत, पुस्तक आणतात. मी गेल्या वर्षी लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक नेलं. मोठी अक्षरं, थोडी पानं. दोन बायका. एक सायकली दुरुस्त करते, दुसरी कोंबड्या पाळते. एका घरात राहतात, एकमेकींवर प्रेम करतात, भांडतात, म्हाताऱ्या होतात. शेवटच्या पानावर ओट्यावर बसून चहा पितात. संपलं.

मला मुली आवडतात. पुण्याच्या मोर्चात हे मी घसा बसेपर्यंत ओरडते. मग परतीच्या बसने सांगवीचा पूल ओलांडला की इंद्रधनुषी झेंडा बॅगेच्या तळाशी जातो आणि त्यावर जेवणाचा डबा. ते पुस्तक देतानाही मी पप्पांना एवढंच म्हणाले, "मुलांसाठी आहे."

मुलांनी आधी हात लावला नाही. नेलं मावशींनी.

मावशी साठीच्या. मूळच्या चाकणपलीकडच्या गावच्या, कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आयुष्य गेलेलं. वाचायला त्या उशिरा शिकल्या. त्यांना शिकवलं त्याच लाइनवरच्या मैत्रिणीने. दोघी आमच्या गल्लीत एका खोलीत वीस वर्षांवर राहिल्या. गल्ली त्यांना 'दोघी बहिणी' म्हणायची. एकीची बोली मावळातली, दुसरीची मराठवाड्यातली, नाकीडोळी काही म्हणता काही साम्य नाही, पण बहिणी म्हटलं की पुढचं कुणाला विचारावं लागत नाही. मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. हॉस्पिटलमध्ये नातं विचारलं तेव्हा मावशींनी 'शेजारीण' सांगितलं. मी तेव्हा शेजारीच उभी होते. मैत्रिणीचे भाऊ गाडी घेऊन आले आणि तिला गावाला घेऊन गेले. गाडीत शेजारणीला जागा नव्हती.

पुस्तक त्यांनी दुसऱ्यांदा नेलं तेव्हा मी सहज विचारलं, "मावशी, एवढं आवडलं?"

"व्हय." मग बोट शेवटच्या पानावर ठेवून म्हणाल्या, "ह्यात दोघीबी म्हाताऱ्या व्हत्यात, पोरी. कुणी मधी जात न्हाई."

तेव्हा मी त्यांना माझं सांगायला हवं होतं. तेवढं एक वाक्य. मी म्हणाले, "न्या की परत."

त्यांनी नेलं. पुस्तकाच्या मागच्या खिशात कार्ड असतं, त्यावर नेणाऱ्याचं नाव. त्या कार्डावर एकाखाली एक एकच नाव चढत गेलं.

त्या रविवारी मावशींनी आठव्यांदा नेण्यासाठी पुस्तक टेबलावर ठेवलं. मागे गल्लीतला एक बाप होता, सेकंड शिफ्टला निघालेला. आदल्या आठवड्यात त्याच्या मुलीने ते तिथेच बसून वाचलं होतं आणि घरी जाऊन विचारलं होतं, "मोठेपणी मी पण मैत्रिणीबरोबर राहू का?"

"काका, हे काय ठेवलंय राव? पोरं येतात इथं."

पप्पांनी पानं मोजली. "पानं पूर्ण आहेत."

"पानांचं नाही म्हणत हो मी! आतल्या बायांचं म्हणतोय."

"चहा पितायत," पप्पा म्हणाले.

समितीतले दुसरे काका घाईने मध्ये आले. "लाल पेटीत टाक बाबा. पोरांच्या पुस्तकावरून वाद नको."

मावशींचा हात अजून पुस्तकावर होता. त्यांनी तो काढून घेतला. "असू द्या, असू द्या," म्हणाल्या आणि रिकामी पिशवी घडी करत निघून गेल्या. मी कपाटाशी उभी होते. पुस्तक मी आणलंय, एवढंही मी बोलले नाही.

दुपारी पप्पा लाल पेटीला कुलूप लावत होते तेव्हा मी पुस्तकाचा टॅग पाहिला. सही होती, तारीख होती. दोषाचा रकाना कोरा.

"पप्पा, दोष लिहिल्याशिवाय रिजेक्ट? कंपनीत चाललं असतं?"

"काय लिहू? तूच सांग."

"मग काढा बाहेर!"

"तिघांची समिती आहे, बाळा. मी एकटा नाही."

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. सोमवारी लिहिलं, मंगळवारी झेरॉक्स काढून घरोघर वाटलं. भाषा कडक. शेवटी ठळक अक्षरात पुरावा: 'हे पुस्तक कुणाला नको म्हणता? कार्ड पाहा! याच गल्लीतल्या एका ज्येष्ठ महिलेने ते सात वेळा नेलं आहे!' आम्हाला शिकवलेलंच तसं आहे, हवेत बोलायचं नाही, कागद दाखवायचा. मला ते वाक्य फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

आमच्या गल्लीत वाचनालयातून पुस्तक नेणारी ज्येष्ठ महिला एकच आहे.

बुधवारी टाकीपाशी मावशी हंडा घेऊन रांगेत होत्या.

"मावशी, सात वेळा? पाठ झालं असेल की! म्हणून दाखवा ना."

"अगं, त्यांची ती बहीण होती ना. बहीणच होती ना हो मावशी?"

हसणं फार मोठं नव्हतं. मोठं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ते पदराआडचं हसणं होतं. मावशींनी अर्धा भरलेला हंडा तसाच उचलला. जाताना माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मी कोण आहे हे त्या विसरल्यासारख्या वाटल्या.

पुढच्या रविवारी त्या वाचनालयात आल्या त्या एका कामासाठी. "कार्डावरचं माझं नाव खोडा."

पप्पांनी लाल पेटीचं कुलूप काढलं, कार्ड टेबलावर ठेवलं. मग त्यांनी पट्टी घेतली. कंपनीत नोंद गिरगटून खोडत नाहीत, त्यावर एकच सरळ रेघ मारतात. खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. पप्पांनी सात रेघा मारल्या, सात सह्या केल्या. मावशींनी वाकून पाहिलं. "दिसतंय की अजून," म्हणाल्या.

"नियम आहे, ताई," पप्पा म्हणाले.

महिन्याभरात मावशींनी खोली सोडली. गावाला पुतण्याकडे गेल्या. मी दोन बस बदलून एकदा जाऊन आले. त्यांनी चहा केला. कांद्याचं बोलल्या, गुडघ्यांचं बोलल्या. मी माफी मागितली तर "कशाची?" म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी घासत बसल्या. मी निघताना मात्र दारापर्यंत आल्या.

"ते पुस्तक दुसऱ्या कुणी न्हेलं का गं?"

"नाही, मावशी."

"तू?"

मीही नेलं नव्हतं. पत्रकात शंभर माणसांना प्रश्न विचारणारी मी. त्या कार्डावर माझं नाव एकदा जरी असतं, शेजारणीचं असतं, त्या बापाचं असतं, तर मी कितीही मूर्ख पत्रक काढलं असतं तरी मावशी त्यातून वेचून काढता आल्या नसत्या. दहा जणांत त्या एक राहिल्या असत्या. आम्ही त्यांना कार्डावर एकटं ठेवलं.

पुढच्या बैठकीत पप्पांनी कोरा टॅग टेबलावर ठेवला आणि दोन्ही काकांना सांगितलं, "दोष लिहा, नाहीतर कुलूप उघडा." कुणी लिहिलं नाही. पुस्तक बाहेर आलं. मी कार्डावर आठवं नाव लिहिलं, माझं. पप्पांनी वाचलं. वर माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मुलांसाठी नाही, पप्पा. माझ्यासाठी." त्यांनी तारखेचा शिक्का मारला आणि नेहमीसारखं विचारलं, "परत कधी?"

मावशी परत आल्या नाहीत. त्यांच्या खोलीत आता कंपनीतली चार मुलं राहतात.

नववी ओळ रिकामी आहे. तुम्ही हे वाचून हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. येत्या रविवारी तुमच्या वस्तीतल्या वाचनालयात जा. असं पुस्तक मागा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा, असेल तर घरी न्या. मुलीच्या नावावर नको, भाच्याच्या नावावर नको. स्वतःचं नाव लिहा, वाचता येईल अशा अक्षरात.