पारावरचा मुलतानी

सादिकभाईंचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी मेथी निवडत होते. सादिकभाई म्हणजे दादाच्या लातूरच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले, त्याचे जन्मभराचे सोबती. "ताई, मास्तर गेले," एवढंच ते म्हणाले. त्याला आता दीड-दोन महिने होत आले.

मोठा भाऊ म्हणून तो मला दादा. बाकी सगळ्यांना मास्तर. लाल कोट घालून वरातीत ट्रंपेट वाजवणारा माणूस. पण त्याचं शिक्षण वेगळं होतं. जळकोटहून लातूरला आल्यावर तो एका गवयांच्या दारात जाऊन बसू लागला. गुरुजी गायचे, हा ऐकायचा आणि घरी येऊन ते पितळेतून काढू पाहायचा. "तीन कळांचं वाद्य तुझं, त्यातून मींड कशी काढशील बाबा?" गुरुजी हसायचे. एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळत जायचं, मधे तुटायचं नाही, ती मींड. दादा कळ अर्धीच दाबून धरायचा आणि उरलेलं ओठांवर सोपवायचा. मुलतानी या उतरत्या दुपारच्या रागात तीव्र मध्यमावरून कोमल गंधारावर येणारी मींड त्याला साधली, त्या दिवशी गुरुजींनी त्याला दारातून उठवून आत सतरंजीवर बसवलं.

पण ऐकणार कोण? आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. नवरदेव देवळात असेतो बँडला बाहेर काम नसतं. वाजवणारे पाणी प्यायला पांगतात. तेवढ्या वेळात दादा पाराशी उभा राहून मुलतानी धरायचा. हदगाव असो, अर्धापूर असो, ज्या गावची सुपारी असेल तिथे. राग कुठे उमलू लागतो तोच नवरदेव पायऱ्या उतरायचा आणि वऱ्हाडातून कुणीतरी ओरडायचं, "ओ मास्तर, मयतीला आलाव का लग्नाला? नाचायचं लावा की!" दादा हसून नाचायचं लावायचा. "माझा आलाप संपायच्या आत जगाची लग्नं लागून राहिलीत बघ," मला म्हणायचा. "एकदा बसून वाजवायचाय गं मुलतानी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधी कुणी थांबवायचं न्हाई." एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

नांदेडच्या काही रसिकांनी तशी बैठक ठरवली, तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती. साखरेनं हिरड्या पोखरल्या होत्या, पुढचे दात हलत होते. दाताचा डॉक्टर काढून टाका म्हणत होता. पण ट्रंपेटचा सगळा दाब पुढच्या दातांवर पेलायचा असतो. "बैठक होऊ द्या, मग अख्खी बत्तिशी न्या," दादा त्याला म्हणाला. घरी तो मांडी घालून वाजवायचा सराव करू लागला. जन्मभर उभ्यानं, चालत वाजवलेलं. मांडी घातली की दम पोटातच अडकायचा. वहिनी म्हणायच्या, "उभ्यानंच वाजवा की, कोण हाणतंय तुम्हाला?"

"गवई उभं राहून गातेत का?" दादा म्हणायचा.

बैठकीच्या दिवशी त्यानं बूट काढले, मोजे काढले, आणि उघड्या पायांचं काय करावं हे न कळून ते उपरण्याखाली झाकले. दुपार कलली होती. मुलतानी सुरू झाला. ज्याच्या आवाजानं गल्लीतल्या खिडक्या थरथरायच्या तो माणूस इतकं हळू वाजवू शकतो, हे मलाही ठाऊक नव्हतं. समोर कुणी हलत नव्हतं. आणि तीच ती मींड घेताना सूर मधेच फाटला. त्यानं ट्रंपेट खाली घेतलं, रुमाल तोंडाला लावला... पुन्हा उचललं. नुसती हवा आली. दात निखळला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या; दयेनं, बराच वेळ. वऱ्हाडातल्या ओरडण्याला तो निदान हसू शकायचा. या टाळ्या संपेपर्यंत तो मान खाली घालून बसून राहिला.

पुढे कवळी बसवली, पण तिच्यावर सूर ठरेना. ट्रंपेट त्यानं बँडमध्ये देऊन टाकलं. मी विषय काढला तर म्हणायचा, "जाऊ दे बाई."

शेवटची भेट तो जायच्या चार दिवस आधी लातूरच्या दवाखान्यात झाली. त्याचं बोलणं बंद झालं होतं. उन्हं उतरत होती. चादरीवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं हलू लागली. एक अर्धंच वाकायचं, थांबायचं, मग दुसरं. कितीतरी वेळ हे चाललं होतं. नर्स आली नाही, कुणी भेटायला आलं नाही, कुणीच त्याला थांबवलं नाही. मग बोटं आपणहून स्थिर झाली.

दिवसकार्य झाल्यावर मी सादिकभाईंना ती बोटं आठवतील तशी माझ्या गुडघ्यावर करून दाखवली. मुलतानीच होता का, पुरा झाला का, एवढंच मला हवं होतं. त्यांनी मन लावून पाहिलं. पुन्हा करायला सांगितलं. मग मान हलवली.

"बोटांवरून न्हाई कळत ताई. एकाच कळेवर चार-चार सूर असतेत. कोणता, ते ओठ ठरवतेत."

दादाचे ओठ ऑक्सिजनच्या मास्कखाली होते.