पाळणाघरातल्या मावशींची लाळ

पाळणाघरातल्या मावशींना आजारपण कसं ते ठाऊकच नव्हतं. अर्धं आयुष्य दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात गेलं. एखाद्या पोराने चावून टाकलेलं बिस्कीट त्या सहज तोंडात टाकायच्या, रडणाऱ्याचे पटापट मुके घ्यायच्या. "मला काय धाड भरलीय?" म्हणून हसायच्या. त्यामुळे कसल्याशा अभ्यासाला धडधाकट माणसं हवीत असं कळल्यावर त्या हौसेने गेल्या आणि नळीत थुंकून आल्या.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं.

"मावशी, हा विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो. एकदा शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो. पण तुमच्या लाळेत त्याचे चार वेगवेगळे प्रकार निघालेत. मुलांकडूनच आले असावेत."

"चार? आणि मला पत्ताच नाही?"

"तुम्हाला त्रास नाही हो. फक्त घरात कुणी गरोदर असेल तर जपा. तिला आधी या विषाणूची लागण झालेली असली तरी नवा प्रकार लागू शकतो. बाळापर्यंत क्वचितच पोचतो, पण पोचला तर बाळाचे कान जाऊ शकतात."

मावशींच्या लेकीला पाचवा महिना होता आणि ती त्यांच्याकडेच राहत होती. सकाळी दोघींनी एकाच कपातून चहा घेतला होता.

त्यांनी ताट-वाटी वेगळी केली. लेक जवळ आली की त्या तोंड फिरवायच्या.

"आई, मी काय परकी झाले?"

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेकीचा चेहरा उतरला. "आता सांगून काय उपयोग? इतके महिने तर..."

मुलगी झाली, गुटगुटीत. पण तपासणीत तिला डाव्या कानाने ऐकू येत नसल्याचं कळलं. बाळाच्या लघवीत तोच विषाणू सापडला. डॉक्टरीणबाईंनी त्याचा प्रकार मावशींच्या चारही प्रकारांशी ताडून पाहिला. जुळला नाही.

"ऐकलंस ना आई? तुझ्याकडून नाही आला!" लेक रडतच त्यांना बिलगली.

मावशी डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिल्या. बाई नजर चुकवत म्हणाल्या, "त्या दिवशीच्या लाळेत उतरलं तेवढंच आम्हाला दिसलं. आत आणखी काय दडलंय, ते नाही सांगता येत."

मावशींनी पाळणाघर सोडलं. नात चालायला लागली आणि लेकीला पुन्हा दिवस गेले. हे कळताच मावशींनी कपडे पिशवीत भरले आणि बहिणीचं घर गाठलं. दोघींचं बिनसलं, असंच शेजारी समजले.

"कधी येशील?" लेकीने दारातून विचारलं.

"तू मोकळी झालीस की," म्हणत त्या मागे न बघता जिना उतरल्या.