मॅट गाडीचा दरवाजा

त्या दरवाजावरचा डाग मी पाडला होता. दोन वर्षं गॅरेजमध्ये सगळे समजत होते की तो मामाच्या हातून झाला. मामाही तसंच समजत होता. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं.

मी डेंटर. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका गॅरेजमध्ये वीस वर्षं काढली. ठोकलेला पत्रा सरळ करायचा, पुट्टी भरायची, घासून सपाट करायची आणि गाडी पेंटरच्या ताब्यात द्यायची, हे माझं काम. रंग झाला की गाडी परत माझ्याकडे यायची. दिवे, हँडल, बंपर बसवायचे, शेवटचा हात मारायचा आणि चावी शेठच्या टेबलावर ठेवायची. पेंटर म्हणजे मामा. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावरचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. कुणाचा मामा ते कुणाला माहीत नव्हतं. मी कामाला लागलो तेव्हाही तो मामाच होता. शेठ सिंधी, वयाने मामापेक्षा बराच लहान, तोही त्याला मामाच म्हणायचा, आणि चिडला तरी अहो-जाहो सोडायचा नाही.

मामा नजरेने रंग जुळवायचा. दुकानातून मशीनवर बनवून आणलेला रंगसुद्धा तो आधी काडीने उचलून उन्हात बघायचा आणि म्हणायचा, "ह्यात काळा कमी हाय." मग थेंबभर काळा टाकायचा. आम्हाला फरक दिसायचा नाही. गाडी उन्हात उभी केली की दिसायचा.

डागाची ती गाडी राखाडी होती, मॅट म्हणजे बिनचमकीच्या रंगाची. मालक अंबरनाथचा, स्वतःचा छोटा कारखाना असलेला गृहस्थ. खरवईजवळ वळताना एका टेम्पोने त्याला उजव्या बाजूने घासत नेलं होतं. मडगार्ड चेपलेलं, पुढच्या दरवाजाला हातभर लांब खड्डा. शेठ गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "साईं, साधी असती तर चार दिवसांत दिली असती. ये मॅट है. हमारे यहाँ आजतक आयी नहीं." मालकाचा चेहरा पडला. मामा रंग फवारायची गन धूत होता, तो तिथूनच म्हणाला, "घ्या ओ शेठ. रंगच हाय ना?"

मॅटची अडचण काय ते सांगायला हवं. साध्या रंगात चूक झाली तर सुटका असते. धूळ बसली, रंग जरासा ओघळला, तर बारीक पॉलिशपेपरने घासायचं, वर कंपाउंड, म्हणजे चमक आणणारी पेस्ट, मारायचं. चमक परत येते, चूक दिसत नाही. मॅटमध्ये मुळात चमकच नको असते. घासलं की तिथे चमकणार, आणि आलेली चमक काही केल्या जात नाही. मध्येच तुकडा रंगवून जोडही देता येत नाही. दरवाजा तर अख्खा दरवाजा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुन्हा मारावा लागतो.

पत्रा मी सरळ केला, तो चांगला झाला होता. मामाने आधी भंगारातलं एक जुनं बॉनेट आणलं, त्यावर चौकोन आखले आणि प्रत्येकात वेगवेगळ्या हाताने मॅट क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारून बघितला. एकात पातळ, एकात जाड, एकात दोन हातांच्या मधे थांबून. त्या क्लिअरमधली चमक घालवणारी भुकटी डब्याच्या तळाशी बसते. म्हणून मामा डबा इतका वेळ ढवळायचा की शेठ म्हणाला, "मामा, लोणी काढणार का?"

"तुमच्या पोळीला लावतो," मामा म्हणाला.

मग ते बॉनेट गाडीशेजारी टेकवून तो उकिडवा बसायचा. एकदा पुढून बघायचा, एकदा मागून, एकदा ऊन पाठीवर घेऊन. मला बोलवायचा. "बघ. हितनं सारखं वाटतं. आता हिकडं ये. हा हसला का नाही?" चमकण्याला तो हसणं म्हणायचा. तिसऱ्या दिवशी एक चौकोन अजिबात हसला नाही. मामाने त्याच हाताने मडगार्ड आणि दरवाजा मारले. दोन दिवस सुकू दिले. मंगळवारी दुपारी त्याने गाडी बाहेर उन्हात घ्यायला लावली, चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाला, "झाली. द्या त्याला." संध्याकाळी तो पाड्यावर गेला. भातकापणी होती, बुधवार-गुरुवार तो येणार नव्हता.

बुधवारी अकराला मालक येणार होता. दहाच्या सुमारास मी हँडल बसवलं, आरसा बसवला आणि दरवाजावरून नजर फिरवली. हँडल बसवताना ओरखडा पडू नये म्हणून लावलेल्या चिकटपट्टीचा गोंद खाली राहिला होता, नखाएवढा. माझ्या खांद्यावर फडकं होतं. गाडी द्यायच्या आधी फडक्याने शेवटचा हात मारायचा, गोल गोल, तळव्याचा दाब देऊन, ही इतक्या वर्षांची सवय. त्या फडक्याला आदल्या दिवशीच्या गाडीचं कंपाउंड होतं. मी घासलं. पाच-सहा वेळा हात फिरला असेल. गोंद गेला. हात उचलला तर खाली तळहाताएवढी जागा चमकत होती.

मॅट आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. मामाने तीन दिवस मलाच शेजारी बसवून दाखवलं होतं. माहिती डोक्यात होती, हात आपल्या वाटेने गेला. मी पाणी मारलं, साबण लावला, थिनरचं बोट फिरवायला गेलो आणि थांबलो. काही उपयोग नव्हता.

मालक अकराच्या आधीच आला. लांबून हसत आला, जवळ आल्यावर मान तिरकी केली. "हे काय आहे?" शेठ धावत आला. त्याने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "क्लिअर नीट बसला नसेल."

चार शब्द. मामाचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, क्लिअर फक्त मामा मारायचा.

इथे थांबलो असतो तरी पुढेमागे खरं बाहेर आलं असतं. घासलेल्या जागेवर बारीक गोल ओरखडे असतात. मामाने वाकून बघितलं असतं तर एका मिनिटात ओळखलं असतं. ते ओरखडे घालवायचे हे मला लगेच सुचलं, आणि ते सुचलं हेच मला जास्त लागतं. मी शेठला म्हणालो, "मामा शुक्रवारी येईल. तोपर्यंत मी दरवाजा घासून तयार ठेवतो, वेळ वाचेल." शेठला ते पटलं. तो मालकाला म्हणाला, "देखो साईं, आदमी कितना तैयार है." मी पेपर घेतला आणि अख्खा दरवाजा घासून काढला. दुपारपर्यंत डाग राहिला नाही.

शुक्रवारी मामा आला. हाताला भाताच्या पात्यांनी कापलेलं होतं. घासलेला दरवाजा बघून तो उभाच राहिला.

शेठ म्हणाला, "मामा, चमक रहा था. हथेली जितना."

"मी उन्हात बघितला होता," मामा म्हणाला.

"हो, पण हा पण बोलतो ना, बसला नाही."

मामाने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. विचारत होता. "लय चमकत होता का रं?"

मी म्हटलं, "होता थोडा."

रंगाच्या दुकानाचा माणूस आला होता, तो म्हणाला डबा नीट ढवळला नसेल. मामा म्हणाला ढवळला होता, शेठच लोणी काढता का म्हणाले होते. मग डबा उचलून तळ बघत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मग मला दिसलं कसं न्हाई?"

दरवाजा त्याने परत मारला. चांगला मारला. पण प्रत्येक हातानंतर मला बोलवायचा, "बघ बाबा, तुझे डोळे चांगले हायेत." मी बघायचो आणि सांगायचो, बरोबर आहे. गाडी गेली. मालक खूश होऊन गेला.

त्यानंतर मामा साध्या गाड्यांनाही दुसऱ्याची नजर मागायला लागला. कल्याणला जाऊन डोळे तपासून आला. डॉक्टरने वयाचा चष्मा दिला, बाकी ठीक आहे म्हणून सांगितलं. मामाने ते 'ठीक' ऐकलंच नाही. शेठ कधी चेष्टेत म्हणायचा, "मामा, चष्मा पुसा, नाहीतर मारुती हसेल." चेष्टाच होती, पण मामा खरंच चष्मा काढून पुसायचा. सहा महिन्यांनी त्याने गन धुऊन, पुसून, शेठच्या टेबलावर ठेवली. "रंगाऱ्याचे डोळे गेले की झालं," म्हणाला. शेठने थांबवून बघितलं. मी त्या वेळी एका डिकीचा पत्रा ठोकत होतो, आणि नेहमीपेक्षा जोरात ठोकत होतो.

गेल्या हिवाळ्यात बदलापूरच्या बाजारात मामी भेटली. वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. मी विचारलं, मामा कसा आहे? ती म्हणाली, "काय सांगू दादा. कोंबडीचं पिल्लू त्या टोकाला गेलं तर हितनं ओरडतो. सुईत दोरा सोता ओवतो. आन घराच्या दाराला रंग लाव म्हटलं तर म्हणतो, मला दिसत न्हाई. मी म्हणते, दिसत न्हाई तर माझ्या भाकरीतला खडा कसा दिसतो?" शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो. शेंगा घेतल्या आणि घरी गेलो.

पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. मामा अंगणात बांबू तासत होता. मामीने पाणी आणलं, चहा ठेवायला आत गेली. मी इकडचं तिकडचं बोललो नाही, बोललो असतो तर ते राहून गेलं असतं. म्हटलं, "मामा, त्या मॅट गाडीचा डाग मी पाडला. गोंद काढायला घासलं. मग तुम्हाला कळू नये म्हणून दरवाजा घासून टाकला."

मामाने कोयता खाली ठेवला. मग विचारलं, "कशानं घासलंस?"

"फडक्याने. कंपाउंड होतं त्याला."

"जाड का बारीक?"

"जाड."

"म्हणजे मी मारला तवा बरोबर होता."

"बरोबर होता."

मामी चहा घेऊन दारात उभी होती, तिने ऐकलं होतं. तो चहा तिने मला दिला नाही. तशीच आत गेली. मामा म्हणाला, "शेठला फोन लाव. मोठ्या आवाजावर."

मी लावला. रविवारचा शेठ जेवून पडला असावा. मी सगळं सांगितलं. तो हसला. "अरे, वो गाडी? ती तर त्याने कधीच विकली. सोड ना, पुरानी बात."

मामा म्हणाला, "परत सांग. पेंटर बरोबर होता म्हणून सांग."

मी परत सांगितलं. या वेळी शेठ हसला नाही. जरा थांबून म्हणाला, "मामा तिथे आहेत काय? मामा, या ना परत. नवा पोरगा रंग मारतो, पण तुमच्यासारखा नाही. डोळे तर बरे आहेत ना आता?"

"डोळे बरेच होते," मामा म्हणाला. "सोमवारी येतो. पन हा तिथं नको."

"अहो मामा, वीस साल का आदमी है."

"मग राहू द्या."

शेठच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. दोघंही माझी वाट बघत होते, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. मी म्हटलं, "शेठ, सोमवारपासून मी नाही येत."

"बघ, विचार कर," शेठ म्हणाला, पण त्याच्या आवाजात सुटल्यासारखं होतं.

माफ केलं असं मामा म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. त्याने कोयता उचलला आणि बांबू तासायला लागला, मी उठलो.

आता मी अंबरनाथला दुसऱ्या गॅरेजमध्ये आहे. इथल्या मालकाने पहिल्या दिवशी विचारलं, इतक्या वर्षांचं काम का सोडलं? मी सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच. त्याने ऐकून घेतलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "डेंटिंग तू कर. पॉलिशला हात लावायचा नाही." मी बरं म्हटलं. अजून लावलेला नाही.