थोडं बठ म्हणणारा ब्राउझर

आमच्या ऑनलाइन फॉर्म केंद्रात किस्से गोळा करावे लागत नाहीत. नंदुरबारात मिरचीच्या हंगामात जसा कुणालाही न विचारता ठसका लागतो, तसे ते येतात! मैत्रिणी म्हणतात, "वंदना, लिहून ठेव." लिहायला बसावं तर समोर गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाबरोबर नवा किस्सा. म्हणून आठवतील तेवढे सांगून टाकते.

केंद्र युसूफभाईंचं. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथं टायपिंग क्लास होता. युसूफभाईंचा टाइपरायटरवर विश्वास, कॉम्प्युटरवर नाइलाज. दुसरा हेमंत पाटील. शहाद्याकडचा, केळी-उसाच्या घरातला, पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून परत आलेला. तिसरी मी, दोन नंबरच्या मशिनवर.

*

आमची चारही मशिनं म्हातारी. जुन्या ब्राउझरवर एकही साइट धड उघडेना. हेमंत म्हणाला, "ओपन सोर्स ब्राउझर टाकू. अपग्रेड करू, आणि आपल्याला हवा तसा बदलून घेऊ."

"ओपन सोर्स म्हणजे?" युसूफभाईंनी विचारलं.

"फुकट असतो. कुणीही आत शिरावं, हवं ते उघडून बघावं, बदलावं. मालकाची हरकत नसते."

युसूफभाईंनी दुकानात नजर फिरवली. शेजारचा टेलर त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्याच चार्जरवर मोबाइल लावून, त्यांचाच पेपर वाचत होता.

"मग आपलं दुकान तर कधीपासून ओपन सोर्स आहे!"

*

ब्राउझर आला. हेमंतला पहिली हौस सुचली ती आयकॉनची. मूळचं चित्र काढून त्यानं लालभडक मिरची टाकली. "आपल्या गावची ओळख!"

दुसऱ्याच दिवशी फेटेवाले एक बाबा आले. स्क्रीनवरच्या मिरचीवर बोट ठेवून म्हणाले, "आज काय भाव शे?"

हेमंतनं समजावलं की हे नुसतं चित्र आहे. बाबा गेले. तासाभरात दुसरे आले, "भाव काय शे?" संध्याकाळपर्यंत सात जणांनी विचारलं. वैतागून हेमंतनं पहिल्याच पानावर बाजारभाव दिसेल अशी सोय केली.

मग काय! फॉर्मवाले फुटपाथवर, मिरचीवाले खुर्चीवर!

*

युसूफभाई ब्राउझर वाचत नसत. त्यांनी तो जागेनुसार पाठ केला होता. वर डावीकडून तिसरं म्हणजे पान ताजं करायचं, बस्स.

एका सकाळी हेमंतनं अपग्रेड केलं आणि बटणं इकडची तिकडे झाली. युसूफभाईंनी सवयीनं तिसरं दाबलं. एका बाईचा अर्ध्या तासात भरलेला फॉर्म गायब! ती बाई युसूफभाईंकडे बघतेय, युसूफभाई हेमंतकडे, आणि हेमंत पंख्याकडे.

"नवीन व्हर्जन चांगलं आहे, भाई. वेगवान आहे," हेमंत पुटपुटला.

"हेमंत, तुझ्या भाभीनं चाळीस वर्षांत मिठाचा डबा हलवला नाही. म्हणून संसार टिकला!"

हेमंतनं मुकाट्यानं प्रत्येक बटण ओढून जुन्या जागी बसवलं. फॉर्म मात्र मी परत भरला.

*

मग आम्ही ब्राउझर अहिराणीत आणायचं ठरवलं. ओपन सोर्सच तो, शब्दही बदलता येतात. 'मागे' म्हणजे 'मांगे', 'पुन्हा' म्हणजे 'परत दख'. साइट सापडली नाही की इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो, त्याच्या जागी मी लिहिलं, 'सापडत नई. थोडं बठ.' मला फार अभिमान वाटला.

एकदा भरदुपारी नेट गेलं. आम्ही तिघं समोर चहाला गेलो. पाऊण तासानं परतलो तर चार नंबरच्या मशिनसमोर एक आजोबा हात जोडून ताठ बसलेले.

"बाबा, नेट गेलंय. कधीपासून बसलात?"

"तोच म्हने, थोडं बठ. मी बठनू." आजोबांनी स्क्रीनकडे बोट केलं. "आते काय म्हनस तो?"

*

युसूफभाईंना चष्मा लावायचा कंटाळा. म्हणून हेमंतनं पहिल्या मशिनवर अक्षरं भलीमोठी करून दिली. त्या मशिनचं तोंड रस्त्याकडे.

एक सूनबाई आल्या. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांनी बारावीची परीक्षा दिली होती, घरात नवऱ्याशिवाय कुणालाच न सांगता. घरचा मोबाइल सगळे चाळतात, म्हणून निकाल बघायला आमच्याकडे. नंबर टाकला, पान उघडलं आणि विषयांसकट सगळे मार्क एवढे मोठे दिसले की रस्त्यावरचा रिक्षावाला ओरडला, "अरे, पास झाली ना ताई!"

समोर बांगड्यांच्या दुकानातून एक बाई रस्ता ओलांडून तरातरा आल्या. सूनबाई पांढऱ्याफटक. सासूबाईच त्या!

सासूबाईंनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत निरखली.

"पास व्हयनी?"

"हो, आई."

"मंग इंग्रजीमा इतलाच?"

*

आता शेवटचा. नर्मदेकाठच्या मणिबेलीकडची एक मुलगी नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. आधी होडी, मग जीप, मग बस. शेवटचा दिवस, पाचला साइट बंद होणार, आणि तीन वाजून गेलेले. साइट म्हणाली, हा ब्राउझर आमच्या ओळखीचा नाही. दुसरा कुठला ब्राउझर आमच्या मशिनवर चढेना.

हेमंत म्हणाला, "प्रत्येक ब्राउझर आत जाताना आपलं नाव सांगतो. आपलं नाव त्यांच्या यादीत नाही. यादीतलं एखादं सांगू, दोन मिनिटांचं काम."

"म्हणजे खोटं नाव सांगून आत शिरायचं?" युसूफभाई उभेच राहिले. "माझ्या दुकानातून? नाही चालणार!"

हेमंत समजावतोय, युसूफभाई मान हलवतायत, घड्याळ पुढे चाललंय. ती मुलगी मधे पडली. ती म्हणाली, "काका, माझंही सुनीता हे नाव शाळेतलंच आहे. आमच्या बोलीतलं घरचं नाव गुरुजींना लिहिता येईना, म्हणून त्यांनी हे लावलं. पहिलीपासून चाललं."

युसूफभाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग खाली बसले.

"हेमंत, बदल नाव."

साडेचारला फॉर्म गेला. पावती छापून तिच्या हातात दिली. तिनं ती दोनदा घडी घालून पिशवीत ठेवली. युसूफभाईंनी पेन उघडलं, कोरा कागद ओढला आणि विचारलं, "बेटी, घरचं नाव काय?"

तिनं सांगितलं.

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हेमंतकडे.

"राहू द्या काका," ती हसून म्हणाली, "माझी बस जाईल."