उच्च दाबाची तार

जळक्या रबराचा वास नाकापेक्षा आधी जिभेवर बसतो, कडवट आणि तेलकट. खारघरजवळच्या ओवे गावातल्या एका घरात पोलीस चौकशीसाठी पाऊल टाकले तेव्हा तो असाच जिभेवर उतरला. निवृत्त होऊन पनवेलला राहायला आले, तरी कुठे वायर जळत असली की मी खिडक्या लावून घेते.

खारघरची मेट्रो तेव्हा धावत नव्हती. खांब उभे राहिले, त्यांवर रूळ आले, रुळांवर तारा आल्या. मग काम थबकले, सुरू झाले, पुन्हा थबकले. ‘उच्च दाबाचा विद्युतप्रवाह’ असे बजावणारे फलक उन्हाने पांढरे पडले. प्रवाह मात्र आलाच नव्हता. तो सोडणार असल्याची पत्रे माझ्या पोलीस ठाण्यात येत, मागोमाग तारीख पुढे ढकलल्याची येत. टपाल पाहणारे हवालदार म्हणत, “मॅडम, माझी नात या गाडीनं सासरी जाईल बहुतेक.” मी हसून न वाचताच ‘फाईल करावे’ असा शेरा मारी.

त्याच काळात वरची तांब्याची वायर चोरीला जाऊ लागली. कळंबोलीच्या एका भंगारवाल्याने खबर दिली. “ओव्याची एक बाई आणते, मॅडम. टोपली म्हावऱ्याची, पण मासळीचा वास नाही. रबर जाळलेलं, तांबं एक नंबर.”

टोपलीवरून घर सापडले. ती एकटीच होती; नवरा उरणला त्याच्या बहिणीकडे गेला होता.

“चुलीत काय जाळतेस गं?” मी विचारले.

“लाकडं.”

“लाकडांना रबराचा वास येतो?”

“ओव्याची लाकडं हायत, मॅडम. कशीबी जलतान.”

माझ्यासोबतची महिला शिपाई हसली. तीही हसली आणि हसता हसता खाली बसली. खोटे बोलणारी माणसे डोळे चुकवतातच असे नाही, ती दमतात.

“माज्या नवऱ्यानंच वढल्यान त्या वायरी,” ती म्हणाली. “ठेकेदाराकडं होता. काम थांबलं न् घरी बसला. उद्या दुपारी उरणवरनं परस्पर टेशनावर जानार हाय, वॉचमन जेवायला गेला का. मॅडम, त्याला जेलात टाका, पन मारू नका. जित्ता आना.”

“कोणी बोट लावणार नाही,” मी शब्द दिला. आणि खरोखर कोणी बोट लावले नाही.

तिने त्याला सावध करू नये म्हणून तिचा मोबाईल आम्ही ठेवून घेतला. त्याला स्थानकाच्या जिन्याच्या पायथ्याशीच अडवता आले असते. पण रिकाम्या हातांच्या माणसावर चोरीचा गुन्हा उभा राहत नाही, म्हणून त्याला मुद्देमालासह खाली उतरू द्यायचे ठरले. निर्णय माझा होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. खांद्याला पिशवी, पिशवीत करवत. अर्धवट बांधलेल्या स्थानकाच्या जिन्याशी त्याने चपला काढल्या आणि फलकाकडे न पाहता वर गेला. स्वतःच्या हाताने ओढलेल्या तारांचे भय त्याला कसले? आम्ही समोरच्या टपरीवर चहाचे ग्लास धरून थांबलो.

मग जाड कापड एका झटक्यात फाटावे तसा आवाज झाला. छतावरची सगळी कबुतरे एकदम उडाली.

संध्याकाळी मी फायली उपसल्या. त्या मार्गावरच्या तारांत त्याच दिवशी सकाळपासून प्रवाह सोडणार, असे पत्र तीन दिवसांपूर्वीच आले होते. त्यावर शेरा माझा, सही माझी.

चौकशी झाली. अनधिकृत प्रवेश, चोरीचा प्रयत्न, अपघाती मृत्यू. पत्र ठाण्यात कोणी वाचले होते का, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. आता गाड्या वेळेवर धावतात, त्यांच्या काचांवर ऊन सरकत जाते. त्या तारा निर्जीव आहेत असे तो धरून चालला, तशीच मीही. त्याने प्राण दिला. मला यथावकाश बढती मिळाली. या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. जे शिकले ते त्याच्या कामी येण्याची वेळ टळून गेल्यावर शिकले. अशा शिकण्याला शिकणे म्हणवत नाही.

तिचा जबाब मीच नोंदवला. अशा जबाबातला शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. पत्र माझ्या खणात होते. “नवऱ्याच्या मृत्यूबाबत तुझी कोणाविरुद्ध काही तक्रार आहे का?” मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. मग शाईच्या पॅडकडे अंगठा नेत म्हणाली, “नाय.”