तेलाच्या नळीतला बुडबुडा

"बाटलीला टाइम दे."

बंद पडलेली कुठलीही गाडी समोर आली की मिस्तरी आधी हे म्हणायचे. पान्याला हात लावायच्या आत ते टाकीतलं थोडं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढून खिडकीच्या फळीवर ठेवायचे आणि चहा सांगायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करत बसायचं. पेट्रोलमध्ये पाणी असेल तर चहा संपेपर्यंत ते तळाशी जाऊन बसलेलं असायचं. मग मिस्तरी बाटली उचलून दाखवायचे, "बघ. गाडी बिघडली नाय. तुमी तिला पाणी पाजलंय."

शहापुरात, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. स्कूटर, रिक्षा, फवारणीचे पंप, जे जे म्हणून तेल आणि पेट्रोल एकत्र जाळतं ते सगळं त्यांच्या दारात यायचं. खर्डी स्टेशनवरचा एक रिक्षावाला एकदा आईची शपथ घेऊन सांगत होता, की आपण पेट्रोलमध्ये रॉकेल टाकत नाही. मिस्तरींनी वाद घातला नाही. टाकीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं आणि शांतपणे विचारलं, "आज घरी स्टोव्ह पेटला नाय वाटतं?" तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. तो रागवत नाही, म्हणून त्याच्यापुढे खोटं बोलायची जास्त लाज वाटते.

मी तेव्हा मुरबाडच्या बाजूला एका रिसॉर्टवर बोटी सांभाळायला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जवळच्या तानसा धरणाचं पाणी मुंबईच्या पिण्याचं, तिथे पाण्यावरचे खेळ चालत नाहीत. आमच्या शेठना तर खेळाचीच हौस. त्यांनी एका खाजगी तळ्याकाठी जागा घेतली आणि मुंबईहून एक जुनी वॉटर स्कूटर आणली. पहिल्याच आठवड्यात ती धूर ओकायला लागली आणि मिस्तरींना बोलावणं गेलं. असलं यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. काठावर उकिडवे बसून त्यांनी तिला निरखलं आणि म्हणाले, "पाण्यात चालली म्हणून काय झालं? स्कूटरच ना रे."

प्लग काढला तर काळा आणि तेलाने ओला. "तेल किती टाकतोस?" त्यांनी मला विचारलं. मी ऐटीत सांगितलं, की आपल्या स्कूटरसारखंच, मोजून पेट्रोलमध्ये मिसळतो. त्यांनी सीट उचलून आत दाखवलं. या बाईसाहेबांना तेलाची वेगळी टाकी होती आणि एक छोटा पंप तिथून इंजिनाला आपोआप तेल पुरवत होता. मी वरून आणखी पाजत होतो.

"जेवलेल्याला पुन्हा वाढतोस होय? बंद कर."

मी बंद केलं आणि धूर थांबला. शेठना मात्र मिस्तरींनी "प्लग साफ केला" एवढंच सांगितलं.

वर्षभराने ते तेलाची गाळणी बदलायला आले. नळी सोडली की तिच्यात हवा शिरते. पंपावरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू द्यायचं आणि मग स्क्रू आवळायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. ते सारखे घड्याळ बघत होते. काम उरकून घाईने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी सीट उचलली आणि पारदर्शक नळीत मला बुडबुडे दिसले. तीन-चार होते, हळूहळू सरकत होते. ते काय आहेत हे मला कळलं होतं. पण शेठचे पाहुणे जाकीट घालून काठावर उभे होते आणि आदल्याच आठवड्यात 'तू फार कारणं सांगतोस' म्हणून शेठनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. मी सीट लावून टाकली.

तळ्याच्या मधोमध इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. मी होडी घेऊन गेलो आणि पाहुण्यांसकट तिला काठाला ओढून आणलं. "तेल बघितलं होतंस का?" शेठनी विचारलं. मी होडीची दोरी सोडवत राहिलो. आईने अंथरूण धरलं म्हणून मी ठाण्याची नोकरी सोडून घराजवळ आलो होतो. ही नोकरी गेली तर पुन्हा पहाटे घर सोडायचं आणि आईपाशी दिवसभर कोणी नाही. डोक्यात तेवढंच घुमत होतं.

सोमवारी मिस्तरींनी इंजिन उघडलं. तेलाची टाकी भरलेली होती आणि पिस्टन कोरडा, अंगावर उभे ओरखडे पडलेला. त्या ओरखड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. त्यांनी माझ्यावर एक शब्द ढकलला असता, तर शेठ तो झेलायला टपूनच उभे होते.

"चूक माझी, शेठ. नळीतली हवा काढायची राहिली. ह्याचा काय दोष नाय."

शेठ पाय आपटत गेले. मिस्तरी पिस्टन पुसत मला म्हणाले, "तुझी ती जुनी चूक चालू असती ना, तर माझी आज झाकली असती." खरंच होतं. पेट्रोलमध्ये तेल असतं तर पिस्टन कोरडा पडला नसता.

नवा पिस्टन बसवल्यावर पहिल्या टाकीत त्यांनी स्वतःच्या हाताने तेल मिसळलं. "नळी उघडली की पयली टाकी दोन्हीकडून जेवू दे. आपल्या हाताचा लय भरवसा धरायचा नाय." त्यानंतर शेठनी त्यांना कधी बोलावलं नाही. ही गोष्ट शहापुरात पोचायला वेळ लागला नाही. "मिस्तरी, हवा काढली का?" असं कोणीही टपलीत मारल्यासारखं विचारायचं आणि ते हसायचे. मी मात्र शहापूरला गेलो की त्या रस्त्याने जायचं टाळायचो. मला स्वतःची शरम वाटायची.

अशी सात-आठ वर्षं गेली. आई गेली. मग मिस्तरी आजारी असल्याचं कानावर आलं आणि मी त्यांच्या घरी गेलो. खाटेवर बसले होते, निम्मे झाले होते.

"मिस्तरी, त्या सकाळी मला बुडबुडे दिसले होते. मी बोललो नाय."

"ठाऊक होतं."

"कसं?"

"तू माझ्याकडं बघितलं नायस." त्यांनी श्वास घेतला. "पण मी हवा काढली असती, तर तुला बुडबुडे दिसले असते का रे?"

मला रडू आवरेना. त्यांनी माझा गुडघा थोपटला.

"एवढी वर्षं हे घेऊन फिरलास? येडा रे येडा. आधी यायचंस. चा तरी झाला असता."

दिवाळीच्या आत ते गेले. त्यांची मुलगी शेड रिकामी करायला सासरहून आली, तेव्हा मी मदतीला गेलो. पाने, पंपाचे सुटे भाग, डबे, सगळं बाहेर निघालं. खिडकीच्या फळीवर ती बाटली तशीच होती. पेट्रोल कधीच उडून गेलं होतं आणि तळाला तेलाचा पातळ थर उरला होता.

"दादा, ही टाकून देऊ का?" तिने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं, "थोडा टाइम दे."